मंडईवरच्या खोलीतली नऊ मशिनं

अन्याय झाला तो एका मुलीवर. वार मंगळवार, महिना आषाढ, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. घड्याळ मी स्वतः बघितलं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला पहिली सवय हीच लागते: आधी वेळ बघायची, मग आवाज चढवायचा.

जागा कोल्हापुरातल्या एका भाजी मंडईच्या वरची अभ्यासिका. खाली कोथिंबिरीच्या पेंढ्या, ओली पोती, भावाचा गलका. वर जायला लोखंडी जिना आणि जिन्याच्या टोकाला मुलींसाठी राखून ठेवलेली एक लांबट खोली. खोलीत नऊ जुने संगणक. आम्ही सगळ्या त्यांना मशिनंच म्हणायचो. खिडकीजवळच्या मशिनवर ही मुलगी रोज इंग्रजी टायपिंगचा सराव करायची. गगनबावड्याकडची. घाटमाथा सोडून मामाकडं राहायला आली होती ती एवढ्याचसाठी, की टायपिंगची परीक्षा पास झाली तर कुठल्यातरी कचेरीच्या भरतीला उभं तरी राहता येईल. मामानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: परीक्षा होईपर्यंत राहा. सराव थांबला तर पिशवी भरायची आणि गावाकडची एसटी धरायची. इतकं ते सरळ होतं.

मी त्या दिवशी मंडईतल्या बायकांच्या स्वच्छतागृहाचं पत्रक चिकटवायला जिन्यात उभी होते, हातात खळ. दोन माणसं दोर घेऊन माझ्या अंगावरनं वर गेली. मागनं अभ्यासिकेचे सचिव. निवृत्त माणूस, सदरा कायम इस्त्रीचा, आवाज कायम मोठा. मी खळीच्या हातानंच वर पळाले.

“ओ काका, पोरगी बसलीया की तिथं!”

“बसू दे की. खुर्ची कुटं न्यायचीय? मशीन न्यायचंय.”

आणि खरोखर, तिला उठवलंसुद्धा नाही. मागची वायर उपसली, पडदा उचलला, बोटांखालची कळपाटी काढून घेतली. ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात टेबलावर, बोटं अजून वाकलेली. पिठाच्या गोळ्याखालनं परात काढून घ्यावी तशी.

“का पण? चालू मशीन हाय की ते!”

“कागदावर मेलीत ती, पावणं.” मी आठवड्यातनं तीनदा तिथं जायचे, तरी मला ते पावणंच म्हणायचे, मुद्दाम. “वरनं पत्र आलंय. कालबाह्य. जुनी सिस्टीम बंद झाली, नवी ह्यात बसत न्हाय. भंगारवाला खाली हातगाडी घेऊन उभा हाय.”

कालबाह्य. हा शब्द मला अजून दाताखाली खड्यासारखा लागतो. नऊ मशिनं. पंखे फिरतात, कळा दाबल्या की दबतात, अक्षर उमटतं. आणि कुठंतरी कुणीतरी ठरवतं की ह्यांचा जीव संपला, कारण काय, तर ‘आम्ही ह्यांच्याकडं बघायचं सोडलं’. मग ती पत्रानं मरतात. मी त्या जिन्यात जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण खाली कांदे निवडणाऱ्या बायका हात थांबवून वर बघायला लागल्या. गर्दी झालेली सचिवांना आवडत नाही. ते म्हणाले, “बरं. पुढच्या बैठकीपातूर थांबतो. तीन आठवडं. मशिनं चालवून दावा आणि कोण-कोण वापरतंय त्याची यादी द्या. न्हायतर गाडी परत बोलावतो. मग जिन्यात बोंबलायचं न्हाय.”

“न्हाय बोंबलत,” मी म्हणाले. खोटं बोलले.

अडचण एकच. मला संगणकातलं काहीच येत नव्हतं. पत्रक छापायला देताना पेनड्राइव्ह कुठल्या फटीत खुपसायचा, इथंपर्यंतच माझी विद्या.

*

अक्का आल्या त्या गुरुवारी. अक्का म्हणजे एका कॉलेजातल्या संगणक प्रयोगशाळेत आयुष्यभर शिपाई असलेल्या बाई. गडहिंग्लजच्या पलीकडल्या, घरात कानडी. प्रयोगशाळा उघडायची, झाडायची, बंद करायची, आणि मधल्या वेळात दाराशी उभं राहून बघायचं. शिकवणारे येत गेले, जात गेले. बघणाऱ्या अक्का तेवढ्या राहिल्या. शेवटी नवे शिकवणारेच त्यांना विचारायला लागले. कामगारांच्या एका मोर्च्यात त्यांनी मला न विचारता माझ्या तोंडात खडीसाखर कोंबली होती, ओरडून माझा घसा बसला होता म्हणून. तेव्हापासूनची ओळख.

त्यांनी बटव्यातनं, सुपारीच्या शेजारनं, एक पेनड्राइव्ह काढला.

“ह्यात काय हाय, अक्का?”

“सिस्टीम.”

“सगळी?”

“सगळी. युनिक्स म्हणून जुनी थोरली सिस्टीम, तिच्या कुळातली. धाकटी. लई हावरट न्हाय, तंगी. इवलंसं खाती, दिवसभर राबती.” तंगी म्हणजे त्यांच्या बोलीत धाकटी बहीण. मला थोरली कुणी नाही. त्या हाकेची मला फार लवकर सवय झाली.

मशीन सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर सरकायला लागल्या, झरझर, कुणीतरी बिनआवाजाचं पत्रक वाचून दाखवावं तशा. मग थांबल्या. नाव विचारलं. सांगितलं. परवलीचा शब्द विचारला. मी लिहीत होते आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

“उठंना की काय!”

“उठत न्हाय ते. तुझं गुपित तुझ्यापाशी. लिव्ह, एन्टर मार.”

आणि मग काहीच नाही. चित्र नाही, रंग नाही, पाटी नाही. एका कोपऱ्यात एक खूण आणि तिच्यापुढं उघडझाप करणारी एक छोटी रेघ.

“आता?”

“आता तू सांगायचं.”

“काय सांगू?”

“काय पायजे ते.”

मला हे अजून नीट सांगता येत नाही. मी कचेऱ्यांच्या बाहेर पुष्कळ उभी राहिले आहे. खिडकीतला माणूस मान वर करायच्या आत ‘उद्या या’ म्हणतो, हे मला पाठ आहे. मोबाइल हातात घेतला की तोच आपल्याआधी बोलायला लागतो, हे घ्या, ते बघा, इथं दाबा. आणि इथं हे काळं पाणी. त्यात एक रेघ, श्वास घेतल्यासारखी, येते, जाते. ती कशाची घाई करत नव्हती. खालनं मेथीचा वास येत होता, पत्र्यावर पाऊस टिपकत होता, आणि कुणीतरी माझं बोलणं ऐकायला थांबलं होतं. मला झोप आली नव्हती, पण झोपेच्या काठावर बसल्यासारखं झालं. मी पाच मिनिटं काही न लिहिता बघत राहिले. अक्कांनी सुपारी कातरली.

पहिली आज्ञा त्यांनी सांगितली, यादीची फाइल तयार करायची. मी लिहिली. एन्टर. पडदा गप्प. मी पुन्हा लिहिली. गप्प.

“ऐकंना झालंय हे, अक्का.”

“ऐकलं की.”

“मग बोलंना का?”

“काम झालं म्हणून गप्प हाय. झालं नसतं तर बोंबललं असतं.”

आता मला सांगा, कोल्हापुरात वाढलेल्या माणसानं हे कसं पचवायचं? आमच्याकडं चहाचा कप टेबलावर ठेवणारासुद्धा ‘हां, घ्या!’ असं ओरडून ठेवतो. गप्प राहिलेला माणूस म्हणजे रुसलेला, नाहीतर नाही म्हणायचं मनात धरलेला. पहिला आठवडा मी प्रत्येक आज्ञा दोनदा दिली. काम झाल्यावर पडद्याला ‘व्हय का?’ असं तोंडानं विचारलं. खिडकीजवळची मुलगी पहिल्यांदा हसली ती त्यावर. सचिवांनी उपसलेलं मशीन आम्ही तिला परत जोडून दिलं होतं, आणि अक्कांनी माझ्या मशिनपाठोपाठ त्यावर ही सिस्टीम चढवली होती, मग उरलेल्या सातांवर. तिला काळ्या पडद्याचं काहीच वाटलं नाही. “टायपिंगला काय, पांढरं अक्षर दिसलं की झालं,” म्हणाली, आणि लागली बडवायला. तिनं एक मिनिट टाइप करायचं, अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून ‘बस!’ म्हणायचं, आणि मग शब्द मोजायची आज्ञा द्यायची. मशीन आकडा सांगायचं. नुसता आकडा. शाबासकी नाही, फुगे नाहीत, टाळ्या नाहीत. ती तो आकडा ओठांतल्या ओठांत म्हणायची.

काही अडलं की अक्का म्हणायच्या, “मॅनला विचार.”

“कुठल्या मॅनला? हितं सगळ्या बायकाच हायत की!”

मॅन म्हणजे त्या सिस्टीमच्या पोटातलीच माहितीची पानं. प्रत्येक आज्ञेचं एक पान. कोरडं, मिठाशिवाय शिजवलेलं. मी दोन ओळी वाचायचे आणि कंटाळायचे.

आणि एक गोष्ट मी तेव्हाही माफ केली नाही, आजही नाही. त्या पडद्यावर मराठीचं एक अक्षर उमटत नव्हतं. मी ‘यादी’ लिहायला गेले तर प्रश्नचिन्हांची रांग. अक्कांनी समजावलं, नुसत्या कोऱ्या पडद्याला आमची जोडाक्षरं झेपत नाहीत. ती आणायची तर चित्रांचा सगळा संसार आणावा लागतो, आणि मग ही म्हातारी मशिनं पुन्हा धापा टाकणार. पटलं. तरी राग राहिला. इतक्या हुशार लोकांनी इतकी नीटनेटकी वस्तू केली आणि त्यांना कुणालाच आमची काना-मात्रा आठवली नाही? मी मुलींची नावं रोमन अक्षरांत उतरवायला घेतली, प्रत्येक नाव तिरक्या डोळ्यानं बघत.

दुपारी मात्र मी भटकायचे. त्या सिस्टीमच्या आत एक गाव होतं. एका तिरक्या रेघेपासनं सुरू व्हायचं आणि त्याखाली गल्ल्या. एका गल्लीत सगळे कामकरी, प्रत्येकाला एकच काम येणारे. एका गल्लीत नियमांचे कागद. एका गल्लीत यंत्रांची नावं, आणि तिथंच एक बिनबुडाचा खड्डा, त्यात टाकलं की गेलं, कधी परत न येणारं. मला माझे काही अर्ज आठवले. मी एका गल्लीतनं दुसऱ्या गल्लीत जायचे, वाट चुकायचे, ‘मी कुठं आहे’ असं विचारायचे, आणि मशीन मला पूर्ण पत्ता सांगायचं, रेघेपासनं माझ्या पायापर्यंत. मी दिवसाला दहादा विचारायचे, काही अडलेलं नसताना. खरं सांगते, मला आवडायचं ते. तुम्ही कुठं आहात हे कुणी इतकं सरळ सांगत नाही.

*

मधल्या आठवड्यात मी एक पत्रक काढलं. मथळा मोठा. ‘घाटावरच्या गरीब लेकीचा घास हिरावला!’ तीन उद्गारचिन्हं. मला वाटलं, चांगलं काम केलं. मुलगी ते पत्रक घडी घालून घेऊन आली. आवाज न चढवता बोलली, म्हणून जास्त लागलं.

“ताई, ही गरीब लेक म्हंजी मीच न्हवं?”

“अगं, नाव कुठं घातलंय?”

“नाव कशाला पायजे? घाटावरची हितं मी एकलीच हाय. मामा ह्याच मंडईतनं भाजी नेतोय. त्यानं वाचलं, तर मशिनं जाणार हे त्याला कळंल. आज रातच्याला पिशवी भराय लावंल.” मग थोडं थांबून, “आन बिचारी लिवलंयसा आत. मी बिचारी न्हाय. माझा पस्तीसचा स्पीड हाय.”

पत्रकं मी स्वतः फिरून उपटली. खळ वाळलेली, नखं दुखली. एका कोबीवाल्यानं विचारलं, “का ओ, न्याय मिळाला व्हय?” मी म्हणाले, “न्हाय, चूक झाली.” तो बघतच राहिला. पत्रकवाल्यांच्या तोंडून हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नसावं. म्हणून ह्या लिखाणात तिचं नाव नाही. कुणाचंच नाही.

*

एक दिवस अक्कांनी उभ्या रेघेची गोष्ट सांगितली. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ घातली की पहिलीचं काम थेट दुसरीच्या हातात पडतं. दुसरीचं तिसरीच्या. एकीनं नुसती यादी वाचायची, एकीनं क्रमानं लावायची, एकीनं सारखी नावं एकत्र करायची, एकीनं मोजायचं. कुणालाच दुसरीचं काम येत नाही, आणि यायची गरजही नाही.

मी मोठ्यानं हसले. “अक्का, ही तर आमची हुपरी!”

मी हुपरीची. आमच्याकडं चांदीचं एक पैंजण एका घरात होतच नाही. एका घरात चांदी आटवायची, एकात तार ओढायची, एकात कड्या करायच्या, एकात त्या झाळून जोडायच्या, पुढच्यात घुंगरू, शेवटच्यात पॉलिश. आमच्या घरी कड्या जोडायच्या. आई खिडकीशी बसायची, चिमटा हातात, आणि गल्लीभर बारीक हातोड्यांचा आवाज असायचा, कुणीतरी लांबवर बोटांनी ताल धरावा तसा. शेजारच्या घरी काय चाललंय हे आईनं कधी विचारलं नाही. येईल ते नीट घ्यायचं, आपलं काम नीट करायचं, पुढं द्यायचं. पैंजण शेवटी कुणाच्या पायात वाजणार, हे गल्लीतल्या कुणालाच ठाऊक नसायचं.

त्या दुपारी मला अभ्यासिकेत बसल्या बसल्या गुंगी आली, आणि मी अर्धवट डोळ्यांनी बघितलं: नावं चालत येताहेत, आजऱ्याच्या, कागलच्या, पन्हाळ्याच्या बसमधून उतरून, एका दारातनं आत जाताहेत, दुसऱ्यातनं क्रमानं बाहेर पडताहेत, आणि वाजत आहेत. फार बारीक. मशीनचा पंखा असावा.

हुपरीची एक शिस्त मला बाळपणापासनं हाडात होती. माल ज्या डब्यातनं आला त्याच डब्यातनं पुढं द्यायचा. डब्यावर खूण असते, चिठ्ठी असते, वजन असतं. चांदी आहे ती. दुसऱ्या डब्यात घातली की संशय आला. आई आंधळ्या हातानंसुद्धा डबा चुकायची नाही.

बैठकीच्या दिवशी त्याच शिस्तीनं माझा घात केला.

बैठक चार वाजता. साडेअकराला मी यादी शेवटची नीट करायला घेतली, गावांच्या क्रमानं. अडीच आठवडे हजेरीच्या वहीतनं एकेक नाव उतरवलं होतं. आज्ञा लिहिली: यादीतनं नावं घे, क्रमानं लाव, यादीतच घाल. डबा तोच. एन्टर. मशीन गप्प. झालं म्हणून गप्प, असं आता मी शिकले होते. मी निवांत पाणी प्यायले. मग यादी उघडली.

काळं पाणी. रेघ येते, जाते.

पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा. माझ्या तोंडातनं काहीतरी आवाज आला असावा, कारण अक्का उठून आल्या. “एन आत, तंगी?” काय झालं, असं. मी पडद्याकडं बोट केलं. त्यांनी मी दिलेली आज्ञा वाचली आणि कपाळाला हात लावला.

“त्याच डब्यात घातलंस?”

“मग? दुसऱ्याच्या डब्यात घालू व्हय?”

“अग, ते माल ठेवायचा डबा आधी रिकामा करून मांडतंय. मग माल आणायला जातंय. माल त्याच डब्यात होता, तो आधीच सांडला की!”

“मग सांगायचं न्हाय व्हय त्यानं!”

“तू सांगितलंस तेच केलं त्यानं. पानात लिवलंय की, त्याच डब्यात पायजे आसंल तर निराळी सोय हाय म्हणून. पान वाचलंस?”

नव्हतं वाचलं. आम्हा पत्रकं लिहिणाऱ्यांचा हा जुना दोष आहे. दुसऱ्याचं पत्रक आम्ही वाचत नाही.

“नक्कल ठेवली व्हतीस?”

“न्हाय.”

“वही?”

वही आदल्या दिवशीच सचिवांनी बैठकीच्या कागदांत घालून घरी नेली होती. बारा वाजत आले असावेत. नऊ मशिनं, एक मुलगी, मामाकडची पिशवी, आणि मी तिच्यासाठी काय केलं तर अडीच आठवड्यांचं काम एका एन्टरनं ओतून टाकलं. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं ते सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा अन्याय करणारी मीच होते, आणि घड्याळ बघायचंही सुचलं नाही.

मुलगी आली, छत्री झटकत, डबा घेऊन. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं छत्री खिळ्याला अडकवली.

“वही कशापाय पायजे?”

“नावं कुठनं आणायची मग?”

“मला सगळ्या ठावं हायत की. रोज एकत्र डबं खातो.” आमच्याकडं मुलीही ‘खातो, जातो’च म्हणतात. “सरका.”

ती माझ्या खुर्चीत बसली आणि सुरू झाली. कळांकडं न बघता. पहिल्यांदा शेजारच्या खुर्चीवर बसणारी, आजऱ्याची. ‘लिव्हतो का, काजूच्या कारखान्यातनं सुट्टी असली की येती? लिव्हतो.’ स्वतःलाच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची. मग दोघी बहिणी, एक टाइप करते तेव्हा दुसरी वाचून दाखवते. मग नवऱ्याला न सांगता येणारी एक, तिच्या नावापुढं काहीच लिहिलं नाही, नुसतं गाव. मग बचत गटाचं इतिवृत्त लिहायला शिकणारी. वहीत नुसती नावं होती. इथं प्रत्येकीमागनं तिचं काम येत होतं, मोडक्या इंग्रजीत, एकेका ओळीत. स्पेलिंग अडलं की अक्कांना विचारायची. अक्कांना नाही आलं तर तिघी मिळून काहीतरी ठरवायचो.

मी मांडीवर हात ठेवून बसले. करायला काही नव्हतं. खिडकीतनं फिकट उजेड आला, ऊन म्हणावं असाही नाही. खाली दुपारची मंडई मंदावली होती, कुणीतरी भाजीवर पाणी शिंपडत होतं. कळा वाजत होत्या, एकसारख्या, न थांबता, आणि पांढरी अक्षरं काळ्यात उगवत होती. अक्का भिंतीला टेकून पेंगल्या. मला वाटलं, ही दुपार संपूच नये. चार वाजू नयेत, कुणी जिना चढू नये, ही अशीच लिहीत राहावी, घाटावरच्या, नदीकाठच्या, सगळ्या गावांतल्या सगळ्या मुली एकेक ओळ होऊन त्या पडद्यावर येत राहाव्यात.

पावणेचारला जिना वाजला. सचिव, आणि मागनं समितीचे दोन सभासद.

“कुटं हाय चालू मशीन? काळं ठिक्कर हाय की हे. रंग कुटं गेलं?”

“रंगानं टायपिंग होतंय व्हय, काका?” मी म्हणाले.

मुलगी वळली नाही. तिचं अजून संपलं नव्हतं. सचिव तिच्या मागं उभे राहिले, चष्मा कपाळावरनं खाली घेतला, आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले. गावं. नावं. मग एकदम थांबले.

“ए बाय, ही आमची भाची कशाला घातलीस हितं? तिच्या घरात ल्यापटॉप हाय.”

“त्यो भावाकडं आसतोय, काका. ती हितं येती.”

“कवा? मी कवा बघितली न्हाय.”

“तुमी जेवायला गेल्यावर.”

मागचे एक सभासद खोकले. ते हसणं होतं, हे सगळ्यांना कळलं. सचिवांनी पुढं वाचलं, पण मनात. खालपर्यंत वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. मग इस्त्रीचा सदरा उगाच खाली ओढत म्हणाले, “स्पीड किती तिचा? भाचीचा?”

“माझ्याहून चार शब्द ज्यादा,” मुलगी म्हणाली, आणि शेवटची ओळ लिहून हात मांडीवर घेतले. तेवढ्यापुरतं मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिला ते चार शब्द फार लागत होते.

बैठक त्याच खोलीत झाली, आम्हाला बाहेर जिन्यात उभं करून. अर्ध्या तासानं ठराव ऐकवला. मशिनं तूर्त राहतील. टायपिंगची परीक्षा होऊन जाईपर्यंत तरी. पण एक अट. रोज बारा ते चार खोलीत कुणीतरी मोठं, जबाबदार माणूस हजर पाहिजे. मुली धरायच्या नाहीत. एक दिवस खोली माणसाशिवाय सापडली की नऊच्या नऊ भंगारात. त्यावर चर्चा नाही.

मी लगेच ओरडायला तोंड उघडलं, ही कसली अट, मुली काय शेळ्या आहेत का राखायला. मुलीनं माझा दंड धरला. “ताई. असू दे. परीक्षेपातूर.”

अट अन्यायाची आहे, हे मी इथं लिहून ठेवते. तिच्यावर पत्रक निघेल, आणि ह्या वेळी आधी मुलींना वाचून दाखवून निघेल. पण पत्रक निघेपर्यंत खुर्चीवर माणूस लागतो. सोमवार-बुधवार अक्का बसतात. मंगळवार-शुक्रवार मी. रविवारी अभ्यासिका बंद. गेल्या गुरुवारी कांदे निवडणारी एक बाई धंदा सोडून वर येऊन बसली. शनिवारी सचिवांची बहीण आली, भाचीची आई, डोळे मिटून जप करत बसली चार तास. दर आठवड्याला हे कुणाच्या उपकारावर चालणार? एक गुरुवार चुकला, एक शनिवार चुकला, की ती मुलगी पिशवी भरणार.

तर तुम्ही. हे वाचताय म्हणजे तुम्हाला बसता येतं. संगणक येत नाही हे कारण सांगू नका. मलाही येत नव्हतं, आणि जे आलं त्यानं काय केलं ते वर वाचलंत. तुम्हाला काही करायचं नाही. जिना चढायचा, दाराशेजारच्या खुर्चीवर बसायचं, चारला उठायचं. हळहळू नका, मला शाबासकी देऊ नका, हे लिखाण कुणाला पुढं पाठवून मोकळे होऊ नका. गुरुवारी या, नाहीतर शनिवारी या. कुठला वार तुमचा, ते आज सांगा.